न वाजवलेली शिट्टी

जिरावणाचा जुना डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं.
त्यात फक्की भरून मी रोज चारला मैदान आखते.
मध्येच शिंक येते, दोन खांबांमधली रेघ तेवढी वाकते
आणि रेवाराम विचारतो, सर, आज नदी बनाई क्या?

मराठी शाळेत आम्ही शिकवणारीला बाई म्हणायचो.
शाळा गेली, तिथे टाइल्सचं गोडाऊन आलं.
मैदान राहिलं,
कारण ते कुणाच्या नावावर आहे हे अजून ठरत नाही.
इथल्या पोरांच्या घरी बाई म्हणजे
दुसऱ्यांची भांडी घासणारी आई.
म्हणून त्यांनी मला सर केलं.
मीही ओ देते.

परदेशीपुऱ्यातली, बंद मिलच्या चाळीतली, खरगोनहून आलेली.
कुणी माळवी, कुणी निमाडी,
नफीसाची आजी कुंपणापलीकडून उर्दूत हाका मारते.
ह्या सगळ्यात माझी मराठी शिंकेएवढी.
पण एक अक्षर त्यांनी घेतलंय,
खो.
अर्थ कुणी विचारला नाही.
नफीसा तो असा देते की गोडाऊनवरची कबुतरं उठतात.

ह्यातून मिळणार काय, रेवारामचे वडील विचारतात.
खरं उत्तर मला ठाऊक नाही.
खोटं येतं : जिल्हा, मग राज्य, मग रेल्वेत नोकरी.
मी मधलं देते :
साडेचार ते साडेसहा तो कुठे आहे
हे तुम्हाला माहीत असेल.
ते बराच वेळ चप्पल बघतात. मग म्हणतात, ठीक.

उकिडवं बसायचं. टाच उचललेली.
मागून कोण येतंय ते बघायचं नाही,
बघशील तर उशीर होईल.
एवढंच शिकवते मी, बाकी ती पळतात.

मंगळवारी नफीसा पाचव्या चौरसापाशी आली.
मुकामच्या पाठीवर पंजा, आणि तो तिचा खो.
मुकाम उठला नाही.
खो. अबे, खो!
गुडघ्यावर कपाळ टेकून तो झोपला होता.
टाच मात्र उचललेली,
जशी मी शिकवली होती.

पळणारी तिघं थांबली. नियमात थांबणं नाही.
शिट्टी माझ्या दातांत होती.
कबुतरं परत येऊन बसली.
नफीसाने पंजा काढला नाही.

त्या रात्री मी सराफ्यात गेले.
सोन्याच्या दुकानांची शटरं खाली,
त्यांच्याच पायऱ्यांवर कढया चढलेल्या.
भुट्ट्याच्या किसाचा तवा, तव्यामागे पिंप,
पिंपात कोपरापर्यंत मुकाम.
मला बघून त्याने हात पाण्यातच ठेवले.
मॅडम, क्या लगाऊँ? मालक म्हणाला.
मी किस घेतला. खाल्ला.
ताटली उचलून त्याच्यापाशी नेऊन दिली.
दुसरं काय करावं ते तिथे सुचलं नाही.
सर, कल पक्का, तो म्हणाला.
दोनला सुटतो. सातला शाळा.

आता तो चारला येतो, माझ्याबरोबर.
सामानाच्या खोलीत, फक्कीच्या गोण्यांवर
कुणाचं तरी दप्तर उशाला घेऊन झोपतो.
त्याच्या वाटणीच्या फेऱ्या बाकीचे आपसात वाटून घेतात.
मी सांगितलं नव्हतं.
पावणेपाचला कुणीतरी त्याला उठवायला जातं.
तिथे खो म्हणत नाहीत.
नुसतं नाव घेतात, हळू.

तो येतो, केसांत फक्की, म्हाताऱ्यासारखा.
जिल्ह्याच्या यादीत त्याचं नाव नाही.
माझ्या वहीत सगळ्यांत जास्त फाउल त्याचे.

काल त्याने खांबापाशी सूर मारून नफीसाला गाठलं.
लागला नाही, ती म्हणाली.
लागला.
नाही लागला.
दोघं भांडत राहिली अंधार पडेपर्यंत,
आणि निकाल जिने द्यायचा ती मी
डब्याची बुजलेली भोकं
खिळ्याने मोकळी करत बसले होते.