पीस

सेलामाविट इंग्रजी शिकली असमारात,
काकाच्या दुकानात, रेडिओला कान लावून.
त्या इंग्रजीला इस्त्री होती.
शब्दाशब्दामध्ये श्वासाएवढी जागा,
आणि शेवटचा ट टणक,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

ग्लासगोत पहिल्याच आठवड्यात कळलं,
इथे ट गिळतात.
वॉटरचं वॉ—अर, मध्ये नुसता खड्डा.
हाउसचं हूस.
बसचा ड्रायव्हर एका दमात जे बोलला
ते वाक्य होतं की खोकला
हे तिला आजतागायत ठाऊक नाही.
त वरून ताकभात ओळखावा, खरं आहे,
पण त-च कुणी पानात वाढला नाही तर?

वृद्धाश्रमात बारा खोल्या.
चार नंबरचे मर्डो, लुईस बेटावरचे,
'हो' म्हणताना श्वास आत ओढायचे.
तिला वाटलं यांना कळ आली,
तिने धावत जाऊन घंटा दाबली.
बेलफास्टच्या ओर्लाबाईंचं प्रत्येक वाक्य
शेवटी जिना चढायचं,
म्हणून हुकूमही प्रश्न वाटायचा
आणि ती नम्रपणे उत्तर द्यायची, "नको, थँक्यू."
कळायची फक्त स्वयंपाकघरातली पोलिश बोझेना.
दोघींचं इंग्रजी उसनं आणलेलं,
म्हणून जपून वापरलेलं.

आणि अकरा नंबरच्या एफी मॅकग्रोरी.
"एक पीस दे गं, हेन."
हेन म्हणजे कोंबडी, हे तिला येत होतं.
रागवायचं की नाही, हे येत नव्हतं.
पण पीस?
पीस म्हणजे शांतता,
तिच्या स्वतःच्या नावात दडलेली तीच.
बिचाऱ्या म्हातारीला दुसरं काय हवं असणार!
तिने टीव्ही बंद केला, पडदे ओढले,
दिवा मालवला,
बाहेर व्हॅक्यूम फिरवणाऱ्याला श्श् केलं
आणि पिसासारखी पावलं टाकत निघून गेली.

दीड तासाने अंधारातून आवाज आला:
"पाव, पोरी! पाव आणि जॅम! त्याला पीस म्हणतात!"
मग एफी इतकी हसली
की कवळी मांडीवर पडली.

पुढे फेब्रुवारीत एफीचं अर्धं तोंड उतरलं.
मुलगी आली टोरांटोहून, मोइरा,
चाळीस वर्षांत बोलण्यातला ग्लासगो धुऊन निघालेली.
"पी... पी..." म्हणे आई.
मोइराने बेडपॅन मागवलं.
एफीने ते डोळ्यांनीच परत पाठवलं.
"पी... स..."
मग पाद्री आले, कपाळावर हात ठेवून
शांतीबद्दल बरंच बोलले.
एफीने डोळे मिटले. भक्तीने नव्हे.

सेलामाविट चादरी घेऊन दारात उभी होती.
अख्खं वाक्य तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.
चार वर्षं ती तुकड्यांवरच जगली होती,
गिळलेले ट, अर्धे स्वर, भुवया, हातवारे.
बाकीच्यांना एफीचं बोलणं मोडलेलं वाटत होतं.
तिला ते नेहमीसारखंच वाटलं.

नर्सला विचारून घेतलं.
बोझेनाने न सांगता कडा कापल्या,
दुधात भिजवलं, जॅम लावला.
एफी बराच वेळ तोंडात घोळवत राहिली,
मग काहीतरी म्हणाली,
ओठांच्या एका कोपऱ्यातून, चिडून.

"काय म्हणाली?" मोइरा पुढे झाली.
सेलामाविटने सांगितलं.
मोइराच्या कपाळावर आठी.
"सॉरी, पुन्हा सांगशील?
तुझा उच्चार मला नीट कळत नाही.
तू मूळची कुठली?"

अकरा नंबरच्या गादीवर
काहीतरी हललं. हसू असावं.

सेलामाविटने पुन्हा सांगितलं,
हळू, रेडिओवरच्या बाईसारखं,
एकेक ट सुपारीसारखा फोडत:
त्या म्हणतायत,
जॅम कमी आहे.

आणि बरणी आणायला गेली.