घराची खालची बाजू

पाच वाजता बोटी परततात
आणि माझ्या टपात येऊन पडतात
बावीस मास्क, एकोणीस नळ्या
आणि कुणाचा तरी एकटाच डावा फ्लिपर.

गोडं पाणी आमच्या बेटावर मोजून मिळतं,
मोठ्या बेटावरून डब्यांतून येतं,
म्हणून टप एक, पाणी एक.
पहिल्या मास्कचं नशीब चांगलं,
शेवटच्याला नुसती ओल.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
मास्क राहतात.
हा सोनेरी केस अडकलेला,
हा टूथपेस्टनं काच पुसलेला,
आणि ही नळी, जिच्या रबरात
भीतीनं चावून चावून दात उमटलेत:
तोच रात्री जेवताना सगळ्यांत मोठ्यानं
शार्कची गोष्ट सांगतो.

माझा मुलगा हमसिर त्यांना रोज बजावतो:
आज तीन बेटं.
सकाळी प्रवाळाची भिंत, हात लावायचा नाही.
दुपारी डंख मारायला विसरलेल्या जेलीफिशांचं तळं.
मग खारफुटीतून कायाक,
कायाकमध्ये उभं राहायचं नाही.
ते उभे राहतात.

हमसिरचा आजा लाकडाचा चष्मा घालून बुडी घ्यायचा,
स्वतः कोरलेला, काच बाटलीची.
त्याला डाव्या कानानं ऐकू येत नसे.
खोल पाण्यानं तो कान ठेवून घेतला, म्हणायचा,
भाडं म्हणून.

मी मात्र सुलावेसीच्या डोंगरातली.
लग्न होऊन आले तेव्हा
घराला खांब होते, जमीन नव्हती.
पहिल्या रात्री फळ्यांच्या फटीतून
कुणीतरी घराखाली भांडी घासत असल्यासारखा आवाज,
आणि नवरा गाढ झोपलेला.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
माझं वैर नव्हतं हो,
ओळखच नव्हती.
सव्वीस वर्षं, गुडघ्याच्या वर पाणी नाही.

गेल्या मंगळवारी ती फ्रेंच म्हातारी, ओडिल,
गुडघे दुखतात म्हणून बोटीवर गेली नाही.
जेटीवर बसून माझं धुणं बघत राहिली.
मग टपातला एक मास्क उचलला,
आत थुंकली, बोटानं काच चोळली,
आणि माझ्यापुढे धरला.
तिची भाषा मला येत नाही, माझी तिला.
पण थुंकण्यात समजायचं काय असतं?

ओहोटी होती. शिडीच्या शेवटच्या पायरीवर
एका हातात खांब, एका हातात ओडिल,
मी तोंड पाण्यात घातलं.

घर.
माझंच घर, पण खालून.
खांबांना केशरी स्पंज लगडलेले,
स्वयंपाकघराच्या फटींतून
उजेडाच्या पट्ट्या खाली सोडलेल्या,
त्या पट्ट्यांत मासे,
रोज टाकलेल्या भाताच्या शितांवर लठ्ठ झालेले,
माझ्याकडे असे बघत होते
जसं कुणी बघावं
फार उशिरा भेटायला आलेल्या पाहुणीकडे.

एक ताटली होती, तिच्यात कोळंबी राहायला आलेली.
हमसिरची लहानपणची एक चप्पल.
आणि तळाशी, वाळूत अर्धी रुतलेली,
पळी.
माझ्या आईनं दिलेली, पितळी दांड्याची.
ज्या पळीवरून
मी जावेशी आठ वर्षं बोलले नाही.

वर आले तेव्हा खोकत होते.
ओडिलनं पाठीवर थापटलं, काहीतरी विचारलं.
मी बोट खाली दाखवलं.
तिला वाटलं मासे. ती खूश झाली.

संध्याकाळी टपात तेवीस मास्क.
तेविसाव्याला खोबरेल तेलाचा वास होता.
मी तो सगळ्यांत आधी धुतला,
स्वच्छ पाण्यात.
नळी धुताना बोट थांबलं:
रबरावर दात.

रात्री जेवताना मीच सगळ्यांत मोठ्यानं
माशांची गोष्ट सांगितली.
केवढे होते, कसे बघत होते.
हमसिर हसत सुटला.
पळीचं तेवढं गाळलं.
जाऊ समोरच होती,
भात वाढत होती,
हातानं.