क्रमांक एकशे सतरा, निरोगी गट

सीस्तानचा वारा एकशेवीस दिवस वाहतो म्हणतात.
मी मोजणं सोडलंय.
जाहेदानच्या या प्रयोगशाळेत खिडक्यांना ओले टॉवेल लावतो आम्ही,
तरी नळ्यांच्या टोपणांवर पिठासारखी धूळ.

माहगंज आली ती बहिणीसोबत.
बहीण रुग्णांच्या रांगेत,
ही नुसती पिशवी धरायला.
मीच विचारलं, निरोगी बायकाही लागतात आम्हाला,
चमचाभर रक्त द्याल?
तिनं बाही वर सारली, दाट बलुची टाक्यांची.
म्हणाली, सुई तर रोजच टोचते.

नळी भरेपर्यंत मी सांगू पाहिलं:
पेशीत एक आरएनए असतो, प्रथिन काही बनवत नाही.
जुने लोक त्याला अडगळ म्हणायचे.
पण स्वतः न थापता
तव्यावरची भाकरी कधी उलटायची
ते तोच सांगतो.
त्याच्या जनुकात एका जागी कुणाला सी, कुणाला टी.
अक्षराचा फरक.
टी असेल तर स्तनात गाठ धरण्याचा धोका जरा जास्त,
असं वाटतंय. अजून वाटतंयच.

असल्या बाया आमच्या घरात पुष्कळ, ती हसली.
मग बाहीची कड उलटून दाखवली:
जाणतं गिऱ्हाईक आधी ही बाजू बघतं.

जेलवर तिची पट्टी स्वच्छ उमटली.
दोन्ही प्रती सी.
तक्त्यातला सगळ्यात शांत रकाना.

दोन वर्षांनी तीच बाही, तीच खुर्ची.
या वेळी पिशवी बहिणीच्या हातात,
डोक्यावर नुकते उगवलेले केस.
डावीकडे, काखेजवळ, माहगंज म्हणाली,
हरभऱ्याएवढी होती तेव्हा लक्ष दिलं नाही.
आणि मग, अगदी कामाचं विचारावं तसं:
आता मी कुठल्या रांगेत?

डॉक्टर सरावानी म्हणाले, रक्त घेतलं त्या दिवशी ती निरोगी होती,
नोंद बदलायची नाही.
बरोबर आहे ते.
चारशे बायकांतून निघालेला आकडा
एकीला उत्तर द्यायला बांधील नसतो,
हे मीच नव्या मुलींना शिकवते.

जाताना ती दारात थांबली.
मुलगी सोळाची आहे.
तिचं अक्षर बघाल?

बघता येईल, मी म्हटलं.
पुढचं वाक्य
जुळवत राहिले,
तोवर टॉवेल वाळून कडक झाला होता
आणि बहिणीनं तिला रिक्षात बसवलं होतं.