वीस मिनिटं थांब

सीताबर्डीच्या दुकानात, दुपारी दोनला,
बाहेर स्कूटीची सीट हात लावू देत नव्हती
तेव्हा मी चौथा हेडफोन डोक्यावर चढवून बसले.
"काकू, सगळे सारखेच असतात," बोपचे म्हणाला.
तेवीसचा असेल, दाढी अजून ठरवून राहिली होती यायचं की नाही.
"सारखे नसतात बाप्पा," मी म्हटलं, "वीस मिनिटं थांब."

पहिल्या मिनिटाला सगळेच गोड बोलतात.
बाराव्याला चष्म्याची काडी कानामागे रुतते,
पंधराव्याला टाळूवर कोणी बोट ठेवून उभं राहतं,
विसाव्याला कुडीची फिरकी
मागच्या हाडाशी भांडण काढते.

त्याला काय ठाऊक,
सतरा वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजला
लोखंडी पट्ट्याचा हेडसेट घालून बसत होते.
काटोल, उमरेड, सावनेर.
कोणाला मुलगा झाला, कोणाचा माल इटारसीला अडकला.
ऐकायचं नाही असा नियम होता.
कान कुठे नियम वाचतात.
डोक्याच्या मधोमध पट्ट्याची खाच पडली,
भांग आपोआप तिथेच पडू लागला.
मित्रा लहान असताना त्यात बोट फिरवायची:
"आई, इथून फोन जातो का?"

आता ती मेलबर्नला.
दोहाहून पुढे चौदा तास.
"आवाज मारणारा घे, गजभियेबाई, पैशाकडे पाहू नको,"
लाडात आली की ती मला आडनावानं बोलावते.

तर पाचवा. तो कुलपात होता.
किंमत ऐकून मी पर्सची चेन परत लावली.
"घालून तर पाहा. इंजिन पूर्ण गायब."
त्यानं बटन दाबलं.

कूलर गेला.
रस्ता गेला, ऑटोवाले गेले,
बोपचेचे ओठ नुसतेच हलत राहिले
आणि मग, डाव्या कानात,
ती आली.

बारीक, ताणलेल्या तारेसारखी. सीऽऽऽ.
एकोणनव्वदच्या जुलैत वर्ध्याच्या लाइनवर वीज पडली,
तेव्हापासून माझ्याकडेच राहते.
लाइटनिंग कॉल मी शेकड्यांनी जोडले,
तो एकच थेट मला आला होता.
पंख्याखाली, कुकरच्या शिट्टीआड
ती अंग चोरून पडून असते, मीही विसरते.
इथे तिला अख्खं घर रिकामं करून मिळालं.

मी बटन बंद केलं.
कूलर खडखडत परत आला.
एवढा सख्खा तो कधी वाटला नव्हता.

"शांतता नको," मी म्हटलं, "काऊन ते विचारू नको.
विमान घुमून राहिलं तर घुमू दे.
मला असा दे, जो डोक्यावर आहे
हे चौदा तास आठवणार नाही."

तो जरा वेळ पाहत राहिला.
मग खालच्या खोक्यातून काढला एक
करडा, कापडी उशीचा, वायरवाला.
"हा कोणी नेत नाही, काकू."

कान आख्खा आत मावला.
चष्मा जागच्या जागी, कुड्या जागच्या जागी.
पंचवीस मिनिटं झाली.
त्यानं दोन गिऱ्हाइकं केली, माझ्यासाठी चहा मागवला,
चहा संपला.
काहीच दुखेना.

मग वायरच्या टोकाची पिन हातात घेतली.
अगं बाई.
बोर्डाच्या दोरीला हीच असायची,
जाड, पितळेची, हातांच्या घामानं पिवळी झालेली.
ही तिची नात दिसते.
"सीटच्या दांडीला भोक असतं," तो समजावू लागला,
"त्यात ही पिन..."
"ते येतं मला," मी म्हटलं.

आठशे सांगितले, साडेसहाशेला दिला.
डबी डिक्कीत ठेवली, हेल्मेट घातलं.
ते मात्र व्हरायटी चौकातच
टोचायला लागलं.