नवारीचं दार

कपाटाला दोन दारं होती, चॉकलेटी सनमायकाची.
त्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या,
पण असं झाड सेलूत कुणी पाह्यलं नाही.
शहाऐंशी साली कॉलनीत पहिलं कपाट आमचंच.
बाया बघायला यायच्या, बोट फिरवून म्हणायच्या,
अगदी आरशावानी.

मग सनमायका कोपऱ्यातून सुटला,
म्हाताऱ्या माणसाचा ओठ सुटावा तसा.
खालची बिजागरी गेली. वरची एकटीच
तीन उन्हाळे ओढत राहिली.
दार लागावं म्हणून मी कागदाची घडी घालायची,
बहुतेक वीजबिलाची,
कधी लग्नपत्रिकेची. ती जाड असते, टिकते.

आणि ते करकरायचं.
करकरलं की मधल्या खोलीतून हे विचारायचे,
"काय काढलंस?"
तेहतीस वर्षं.
साडी काढली तरी, सुई काढली तरी,
काही न काढता नुसतं उभं राहिलं तरी.
मी खोबरेल घातलं, मेणबत्ती घासली.
भिशीचे पैसे ठेवायचे तर
कुकरच्या शिटीची वाट बघायची:
एका शिटीत उघडायचं, दुसरीत मोजायचं, तिसरीत लावायचं.
आमच्याकडं वरण नेहमी जास्त शिजलेलं.

मुनीर मिस्त्री म्हणाले, भाभी, प्लायवूड, नवा सनमायका,
मजुरी धरून अठरा हजार.
कॅटलॉग दाखवला. त्यात नुसत्या पांढऱ्याचीच बावीस नावं.
मी चहा दिला. म्हटलं, विचार करते.
विचार आधीच गच्चीवर पडून होता:
माहेरून आलेला पलंग, एक पाय मोडका,
नवार मात्र शाबूत,
निळे काठ, मधे मळकं पांढरं.

शेजारची तस्लीम आली. तिचे अब्बा मोंढ्यात बाजा विणायचे.
नवार उकलली तर जिन्याच्या तळापर्यंत गेली,
वर तस्लीम, खाली मी,
मधे तिचं लेकरू गुरफटून हसत.
दोन रात्री निरम्यात भिजवली.
नळ आठव्या दिवशी आलेला, म्हणून
तेच पाणी बादल्यांत भरून संडासाला ठेवलं.
चौकटी पलंगाच्याच पट्ट्यांच्या.
मिस्त्रींनी गुमान कापून दिल्या,
पैसे घेतले नाहीत, तोंड जरा वाकडं केलं.

एक पट्टी वरून, एक खालून.
"ओढा काकू, ओढा!
ढिली राहिली तर दाराचं पोट सुटतंय."
बोटांची सालं निघाली.
एक दार सरळ झालं.
दुसरं थोडं तिरकं आहे. ते मी विणलेलं.

आता कपड्यांना वारा लागतो.
डांबरगोळ्यांचा वास गेला.
फटींतून साड्यांचे रंग दिसतात,
भिशीचा डबासुद्धा दिसतो, नीट बघितलं तर.
जुनं एक दार तस्लीमच्या बकरीपुढं आडवं लावलंय.
बकरी शिंग घासते, ते तिथंही करकरतं.

ह्यांचे कान दोन वर्षांपूर्वी गेले.
बोअरची मोटार, टीव्ही, मी, सगळं सारखंच.
कानाचं मशीन उशाखाली एकटंच शीळ घालत पडतं.

आज दुपारी मी दार उघडलं.
आवाज नाही. सुताएवढाही नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
या घरात मी काही काढतेय हे
कुणालाच कळणार नव्हतं,
आणि ते मला आवडलं का, हे ठरवेपर्यंत
खिडकीतलं ऊन दारात आलं,
नवारीतून गाळून खाली सांडलं,
बारक्या बारक्या चौकोनांचं,
फरशीवरून सरकत सरकत
ह्यांच्या पेपरावर जाऊन बसलं.

ह्यांनी पेपर खाली केला.
मान वळवली नाही.
"काय काढलंस?"

काही नाही, मी म्हटलं. ऐकू गेलं नाही.
म्हणून दार परत हलवलं,
दोनदा.