चिमणीची पावती

म्हापशाच्या माझ्या दुकानात
खिळे, तारा, चुना, पाइप, बरंच काही मिळतं.
ती आली, आणि शब्दकोशातून जपून उचलल्यासारखी म्हणाली,
"माझी चिमणी भरली आहे."

आधी मला पाखरू दिसलं.
मग आईची रॉकेलची चिमणी,
तिच्यावरचा पत्र्याचा काळा डाग.
शेवटी तिनं दोन्ही हातांनी हवेत नळकांडं काढलं,
थेट छतापर्यंत.

नाव काद्री. एस्टोनियाची. मयड्यात सहा वर्षं.
पोस्टमन तिला कादरी समजतो, ईदला मुबारक म्हणतो,
तीही मुबारक म्हणते.
भाड्याच्या घरामागे पावाची जुनी भट्टी आहे.
श्रावणात पुस्तकांना बुरशी धरते,
तेव्हा ती भट्टी पेटवते,
राय नावाच्या कुठल्याशा धान्याचा काळा पाव भाजते
आणि भोवती पुस्तकं मांडून
बाळंतिणीसारखी शेकते.
गेल्या वर्षी धूर वर गेलाच नाही.
पुस्तकांतच जाऊन बसला.

"आमच्याकडे वर्षातून एकदा माणूस येतो,
झाडतो आणि कागद देतो.
इथे तो माणूस कुठे मिळतो?"

पंचायतीत सांगितलं :
छप्पर शाकारायचा फॉर्म आहे, झाड तोडायचा आहे,
काजळी काढायचा नाही.
तरी मालकाची ना-हरकत आणा.
तिनं आणली, सोबत व्हिसा,
पासपोर्टच्या तीन प्रती, चार फोटो.

मी पर्वरीला फोन लावला,
'किचन चिमणी सर्व्हिस, सर्व कंपन्या'.
तन्वेश नावाचा पोरगा आला,
स्प्रे, फडकं, तेलकट जाळी धुवायची बादली.
स्वयंपाकघरभर बटण शोधत फिरला.
"मॉडेल कुठलं, मॅडम?"
"पोर्तुगीज," मी म्हणालो.
त्यानं भट्टीच्या तोंडात मान घातली,
वर बघितलं, बाहेर आला,
आणि येण्याजाण्याचे दोनशे घेतले.

मालक पास्कोल नोरोन्हा स्विंडनला असतात.
फोनवर हसले, मग गप्प झाले.
म्हणाले, इथे माझ्याही घराला चिमणी आहे.
आत काहीतरी फडफडतं रात्री.
कुणाला बोलवायचं ते कळत नाही.
बायको म्हणते शेजाऱ्याला विचार.
अकरा वर्षं झाली, शेजाऱ्याचं नाव
अजून विचारलेलं नाही.

शेवटी इनास आला. पाडेली.
तीन वाड्यांचे माड त्याच्याकडे.
चिमणीला एक फेरी मारली,
माडाला मारतो तशी थाप मारली,
"हाका नाल्ल नात," एवढंच बोलला,
आणि कौलं न फोडता वर.
माझ्याकडची सुंभाची दोरी, वीस हात,
टोकाला वीट, विटेभोवती हिरांच्या दोन केरसुण्या.
खाली सोडली, ओढली, सोडली.
आत कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज.
काजळी आली. सुकी पानं आली.
लाल फितीचा तुकडा आला,
एका पोराचा रबरी चेंडू आला, अजून उडणारा.
काद्रीनं तो धुऊन खिडकीत ठेवला.

मग ती म्हणाली, कागद?
इनासनं माझ्याकडे पाहिलं.
मी बिलबुक उघडलं :
*चिमणी, साफ, एक नग.*
तारीख. दुकानाचा शिक्का.
इनासला सही येते,
पण त्यानं आधी अंगठा टेकला, काळाच,
आणि त्यावर सही केली.

व्हिसाच्या जाड फाइलीत
कुणी न मागितलेला तो पहिला कागद.
तिनं त्याचा फोटो स्विंडनला पाठवला.
तिकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग एक प्रश्न आला,
हा इनास विमानात बसेल का?

कार्बनची प्रत माझ्याकडे आहे.
तिच्यावर अक्षरं उमटली, सही उमटली,
अंगठा तेवढा नाही.
दोरीचे पैसे
घ्यायचे राहिले आहेत.