बूट खिडकीबाहेर

डुलूथला जानेवारीत तलाव वाफा सोडतो
आणि माझ्या दुकानात तीनच माणसं येतात:
वेंडेल, ऑड्रा,
आणि पोस्टमन, तोही नुसती ऊब घ्यायला.

वेंडेल म्हणतो, हेरॉनचं लग्न परंपरेत धरू नकोस, टॉयवो.
एकोणचाळीस साली धुक्यातून उतरला तो सडाफटिंग,
एकशे सत्त्याऐंशी अंक सडाफटिंगच राहिला.
मग कुणा संपादकाला खप वाढवायची हुक्की आली,
आणि मुखवटा नाकापर्यंत सरकवून
त्यानं भर चर्चमध्ये डेलाचं चुंबन घेतलं.
एकवीस वर्षांनी दुसऱ्या संपादकाला दुसरी हुक्की.
एक जादूगार आणला, त्यानं चुटकी वाजवली,
लग्न मोडलं नाही,
झालंच नव्हतं म्हणे.

चौऱ्याऐंशीतली एकवीस, वेंडेल हातमोज्यातली बोटं मोजतो.
ताकात पडलेली माशी.
काढली, टाकली. ताक तेच.

ऑड्रा एकोणीस वर्षांची.
तिचा बाप खनिजाच्या जहाजावर,
मार्च ते जानेवारी पाण्यातच;
घरी असायची ती त्याची खोकी.
खोक्यांतल्या अंकांवर ती वाचायला शिकली.
आयुष्यात पहिलं वाक्य तिनं कुणाच्या मदतीशिवाय वाचलं
ते डेलाचं होतं:
"बूट खिडकीबाहेर. छपरांचा चिखल घरात नको."
शहर वाचवून आलेला माणूस
चौथ्या मजल्याच्या कठड्यावर, एका पायावर,
नाडी सोडतोय.
मला तो कधी सडा भेटलाच नाही, ऑड्रा म्हणते.
तुमची परंपरा तुमच्याआधी सुरू झाली, वेंडेल,
माझी माझ्याआधी.

मी काही बोललो नाही.
दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या भांडणात पडू नये.
एकशे अठ्ठ्याऐंशीवा अंक प्लास्टिकमधून काढला,
पान बावीस.
छपाईत रंग किंचित सरकलेला आहे,
अंगठीचा पिवळा ठिपका बोटावर नाही,
बोटाशेजारी हवेत आहे.
नंतरच्या आवृत्तीत तो दुरुस्त केला.
मला हाच बरा वाटतो,
घालायची की नाही हे अजून न ठरलेला.

माझी स्वतःची तेवीस.
अडुसष्टातली तेवीस, वेंडेलच्या हिशोबानं
माशीहून थोडी मोठी.
कोर्टात दोन सह्या, आठ मिनिटं.
जादूगार नव्हता,
पण घरी परतलो तेव्हा चारच्या दोन खुर्च्या झाल्या होत्या
आणि भिंतीवर घड्याळाच्या जागी
एक न मळलेला गोल.

वेंडेल टोपी शोधत होता, वाद जिंकल्यासारखा.
तेवढ्यात ऑड्रानं नवा अंक उघडला,
चारशे दोन, याच आठवड्यातला, शाई अजून उग्र,
आणि पान नऊवर बोट ठेवलं.
हेरॉन रात्री घरी येतो.
घर रिकामं. फोटो नाही, डेला नाही,
त्याच्या डोक्यातही ती नाही, तशी सोयच केलीय.
खिडकी उघडण्याआधी
तो कठड्यावर एका पायावर उभा राहतो
आणि बूट काढतो.
संवाद नाही. पुढच्या पानावर खुलासा नाही.
चित्रकाराचा हात चुकला असेल,
किंवा तोही लहानपणी खोक्यांतूनच वाचत आला असेल.

वेंडेलनं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"थंडीत बूट काढतो, मूर्ख," एवढंच म्हणाला,
आणि दोन प्रती घेतल्या.

रात्री उणे सव्वीस.
दुकान बंद करून वर गेलो,
स्वयंपाकघरातला नळ किंचित सोडून ठेवला,
पाण्याची धार नाही, थेंब,
पाइप गोठू नयेत म्हणून.
ही मार्लिसची सवय. माझी आई असं करत नसे,
बाप तर उधळपट्टी म्हणाला असता.
अकरा हिवाळे झाले ती मिनीॲपोलिसला.
मी अंधारात पडून ऐकतो:
थेंब.
बऱ्याच वेळानं
थेंब.